नंदूच्या फोटोवरची तारीख

दिगू गेल्याचा फोन त्याच्या बायकोने, शैलानेच केला. “भाऊनू, हे दुकानात पडले,” एवढंच ती बोलली. मी जेवणावरून उठून धावलो, पण तोवर सगळं संपलं होतं... कॉम्प्युटर तसाच चालू होता. पडद्यावर कुणाच्या तरी बारशाचा फोटो, बाळाचं नाव घालायचं राहिलेलं.

मालवणच्या बाजारात दिगूचा स्टुडिओ आणि माझं वह्या-पुस्तकांचं दुकान भिंतीला भिंत लागून. कॉम्प्युटर घेतल्यावर फोटोवर अक्षरं घालायला तो आपला आपणच शिकला. सुरुवातीला ‘श्रद्धांजली’तला ‘द्ध’ फुटायचा, मग मला हाक यायची, “रे, हयसर ये, ह्यां बरोबर दिसता काय बघ.” वाढदिवस, लग्नं, जत्रेचे फलक अशी कामं असत, पण जास्त करून येत ती माणूस गेलेल्या घरातली मंडळी. दिगू त्यांना बसवायचा, पाणी द्यायचा आणि चेहऱ्याखाली नाव, जन्म, मृत्यू नीट बसवून द्यायचा. हात कधी अडला नाही.

अडला तो धाकट्या भावाच्या वेळी. देवबागला खाडीच्या मुखाशी नंदूची होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहून आले, नंदू सापडलाच नाही. काही आठवड्यांनी नातेवाईक म्हणाले, आता फोटो करून लाव. दिगूने नाव घातलं, त्याआधी ‘कै.’ लिहिलं, खाली तारीख टाकली. आई मागे येऊन उभी राहिलेली आम्हाला कळलंच नाही. तिला वाचता येत नव्हतं, आकडे मात्र ओळखायची.

“ही तारीख कसली रे?”

दिगूने कीबोर्डवरचा हात काढला.

“तेका मेल्लो कोणी बघल्यान? पूस ती.”

त्याने तारीख पुसली, ‘कै.’ही पुसलं. घरात नुसत्या नावाचा फोटो लागला, हाराशिवाय. आई होड्या लागायच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन बसायची, कित्येक वर्षं. आणि दिगू परक्यांच्या फोटोवरही तारखेपाशी थबकू लागला. “आये खरा बोलता की मी, माकाच समजणा नाय,” एकदा म्हणाला.

शेवटच्या आजारात तिने त्याला जवळ बोलावलं. “दिगू, आता घाल ती तारीख. वाट बघून दमलंय मी.”

ती गेल्यावर त्याने तिचा आणि नंदूचा, दोन्ही फोटो एकाच दिवशी केले. रडला नाही. पण त्यानंतर त्याचं बोलणंच आटलं... छातीत दुखतं हेसुद्धा त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

दिगूचा फोटो बाहेर करायला द्यायचा नाही, असं शैलाने बजावलं. मी अक्षरं दाखवली, तिने एका बोटाने ती टाइप केली. खुर्ची उंच होती, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

मी म्हटलं, “खाली करून देऊ?”

“नको, भाऊनू. तेंच्या मापाची आसा... ऱ्हवांदे.”

आता दुकान तीच चालवते. येता-जाता मला काचेतून दिसते, त्या उंच खुर्चीत बसलेली, पाय अधांतरी.