माळवदातून खाली गेलेला पाय

माझा उजवा पाय मांडीपर्यंत घराच्या मातीच्या माळवदातून खाली गेला, आणि खालच्या अंधारात कुणीतरी तो घोट्याशी धरला.

हात बाईचा होता. बांगड्या टोचत होत्या. तो हात माझ्या जोडव्यांवरून फिरला. पहिलं जोडवं, मग दुसरं. दुसऱ्याला चीर होती. तिथं हात थांबला. ती चीर साऱ्या गावात दोघींनाच ठाऊक होती. एक मी. दुसरी माझी सासू, कारण जोडवी तिचीच होती. लग्नात नवी करायला नकोत म्हणून तिनं आपली जुनी मला घातली होती.

वरून माझी धाकटी जाऊ आणि शेजारची सुतारीण माझे दंड धरून ओढत होत्या, खालून सासूनं पाय सोडला नव्हता. समोर देवळापुढं ढोलकी जोरात चालली होती. आणि मला डोळ्यांपुढं आष्टा दिसायला लागलं.

आष्टा माझं माहेर. आई-बाप गेलेले, घर भावजयीच्या हातात. लग्नात मला सासरी वाटी लावताना तिनं कानात सांगितलं होतं, "आता सणाला बी यायची घाई करू नगंस." नवरा लढाईवर गेलेला. सहा-सहा महिन्यांनी पत्र यायचं, त्यात सगळ्यांची खुशाली असायची, माझी नसायची. आदल्या साली जत्रेत मी दिराचं घोंगडं डोक्यावरून घेऊन, पुरुषासारखी, तमाशाच्या मागं उभी राहिले होते. गण संपायच्या आत सासूनं मला पकडलं. घरी आणून म्हणाली, "पुन्यांदा तमाशाला दिसलीस तर आष्ट्याला घालवीन. आन आणायला कोण येणार न्हाई." ती बोलायची ते करायची. थोरल्या जावेला तिनं एकदा तसं घालवलं होतं. ती वर्षानं परत आली ती निम्मी होऊन.

तरी मी माळवदावर गेले. का, ते सांगते.

तमाशा बायांनी बघायचा नसतो, असं आमच्याकडं होतं. पण ऐकायला कोण बंदी करणार? जत्रेच्या रात्री आम्ही घरात पडून असायचो आणि पटांगणातले चाळ ऐकू यायचे. चाळ म्हणजे नाचणारीच्या पायातले घुंगरू. फड दर साली तोच यायचा आणि त्यात नाचणाऱ्या दोघी. एक उंच, गोरी, नाकात मोठी नथ. दुसरी बुटकी, पोट सुटलेली, पुढचा एक दात पडलेला. दिवसा त्या ओढ्यावर पाण्याला यायच्या, तेव्हा तोंडं आम्ही बघितली होती. रात्री पाय ऐकले होते. कुठल्या तोंडाचे कुठले पाय, ही गाठ आम्हीच मारलेली.

दोन तऱ्हेचे पाय होते. एक पाय जड आणि मोकळा, जात्यात मुठी पडाव्या तसा, एकही दाणा बाहेर नाही. दुसरा सुपात हरभरे पाखडल्यासारखा. आवाज फार, माल थोडा. जड पाय आम्ही त्या उंच बाईला देऊन टाकला. एवढी देखणी बाई, तिचा पाय वाईट कसा असेल? तिला आम्ही लांबी म्हणायचो. जाऊ आणि मी लांबीच्या. सुतारीण एकटी बुटकीच्या बाजूची.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुण्यापेक्षा भांडणच जास्त व्हायचं.

"काल गिरकी घिऊन थांबली, ऐकलंस?" मी म्हणायची. "समदे चाळ एकदम गप! जसं कुणी तोंडावर हात ठेवला."

"ऐकलं. पर ती तुझी लांबी कशावरनं?" सुतारीण.

"मग काय तू नाचलीस?"

"बुटकी असंल. लय चांगली हाय गं ती. मला मशेरी दिली, घरचं इचारलं."

"चांगली असायला ती काय सोयरीक हाय व्हय? नाचायचं बोल."

जाऊ मध्येच लुगडं पिळता पिळता लांबीची गिरकी करून दाखवायची आणि पाण्यात बसायची. जी गिरकी तिनं जन्मात बघितली नव्हती, ती. सासू पलीकडच्या दगडावर धोतर आपटत असायची. तोंडातून अवाक्षर नाही. फार झालं की एवढंच म्हणायची, "ध्यान चाळात, हातातल्या धोतरात न्हाई. तो डाग बघ."

मग ते साल आलं. लढाईमुळं रॉकेल मिळेना. गॅसबत्त्या पेटवायच्या कशानं? पंचांनी ठरवलं, तमाशा दिवसाच उभा करायचा, दुपारी. गावात कुणाला काय वाटलं ठाऊक नाही, मला रॉकेल संपल्याचा आनंद झाला.

देवळासमोर आमचं जुनं घर होतं. त्यात माणूस राहत नव्हतं, कडबा आणि जोंधळ्याची पोती होती. कुलपाची किल्ली सासूच्या कमरेला. पण माळवदावर जायला मागच्या बोळातून शिडी होती. चैत्र होता, कुरडयांचे दिवस. गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्या घेऊन आम्ही तिघी कुरडया घालायला वर गेलो. कुणी हटकलं नाही. सासू सकाळीच म्हणाली होती, "म्हस आज-उद्या व्यायची हाय. मी मळ्यात जाऊन बसते." मळा गावापासून लांब. आम्ही तिला वेशीपर्यंत जाताना डोळ्यांनी बघितलं होतं.

दोन ओळी कुरडया घातल्या आणि कठड्यामागं पालथ्या पडलो. ऊन भाजत होतं. कठड्याला पाणी जायची भोकं असतात, त्याला एकेकीनं डोळा लावला.

लांबी आधी आली. बाई दिसायला काय सांगू, हिरवं लुगडं, पदर कमरेला. पाय उचलला आणि हरभरे सांडले. मला वाटलं, अंग गरम करत असेल. दुसऱ्या कडव्यालाही हरभरेच. ती हसत होती छान, हात फिरवत होती छान, आणि पायानं नुसता गोंधळ.

मग बुटकी आली. पोट, पडलेला दात, सगळं घेऊन. उभी राहिली, ढोलकीवाल्याकडं बघितलं, आणि जातं सुरू झालं.

"बघ! बघ!" सुतारणीनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "कुणाचा पाय हाय?"

"वाऱ्यानं आवाज फिरतो," मी म्हणाले.

"वारा? पान हलंना की गं!"

तीन सालं मी ज्या पायासाठी भांडले, तो या बाईचा, हे मला पटेना. डोळ्यावर माझा विश्वास नव्हता, कानावर होता. आणि ताल खरा कुणाचा हे आपल्या पायात घेतल्याशिवाय कळत नाही. मी उठून ओणवी उभी राहिले, डोळे मिटले आणि उजवा पाय आपटला. एक. दोन. तीन. बरोबर जुळत होता. चौथ्याला पाय आत.

आता इथं माझी चूक सांगते. आमच्या आष्ट्याकडं कौलं. इकडं पूर्वेला पाऊस नाही म्हणून मातीची सपाट माळवदं. माळवदावर तुळईच्या रेघेनं चालायचं असतं, मधे नुसती काटक्या-चिपाटं आणि माती. हे इकडच्या शेळीलासुद्धा कळतं. मी नाचले ते दोन तुळयांच्या मधे.

तर सासूनं पाय धरलेला होता.

"वडू नगा गं," खालून आवाज आला. "मोडंल पाय. ढिल्ला सोड आधी."

मी ढिला सोडला. तिनं खालून रेटा दिला आणि या दोघींनी वर घेतलं. मांडी सोलून निघाली होती. मी भगदाडातून खाली डोकावले. सासू वर बघत होती. केसांत माती, आणि कपाळावर एक आख्खी कुरडई. तिच्या मागं खिडकीची फळी चार बोटं उघडी होती. फळीपुढं पोतं अंथरलेलं. पोत्यावर फुटाणे.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुमी तर मळ्यात..."

"मळ्यातच हाय मी," ती म्हणाली. "आन तू?"

"कुरडया घालतीया."

"मग घाल की."

मी मागं सरकले. परत आवाज आला. "चवथा ठोका घाईनं टाकलास. थांबते ती तितं."

"पाय बुटकीचा हाय, आत्याबाई."

"मला बारा सालं झाली ठावं हाय."

"मग ओढ्यावर कवा बोलला न्हाईसा!"

"तुमची भांडणं बरी वाटायची."

इथवर हसू होतं. संध्याकाळी सासरे आले, त्यांनी भगदाड बघितलं आणि सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"कोण चढलं हुतं वर?"

जाऊ जमिनीकडं बघायला लागली. मी सासूकडं. माझ्याकडं सांगायला फुटाणे होते, पण सुनेच्या तोंडचे फुटाणे कोण खरे मानतं? तिनं 'ही' म्हणून बोट केलं असतं, तर सकाळच्या बैलगाडीत मी बसले असते.

"मी," सासू म्हणाली. "कुरडया घालाय."

"तू म्हशीकडं हुतीस."

"म्हशीकडनं आले, कुरडया घातल्या, पाय गेला, परत म्हशीकडं गेले."

सासऱ्यांनी तिच्या पायाकडं बघितलं, मग माझ्या. "पाय तुझा गेला आन लंगडतीया ही?"

"सून हाय माझी. माझं दुखणं तिनं न्हाई काढायचं तर कुणी?"

सासऱ्यांनी "म्हस व्याली का?" एवढंच विचारलं आणि ते पाय धुवायला गेले.

तिनं हे मायेनं केलं असं मला वाटत नाही. मी गेले असते तर घरातल्या कष्टाला एक हात कमी झाला असता, आणि खिडकीचं पोतंही उघडं पडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं माझ्याकडून त्याच लंगड्या पायानं पांढरी माती वाहून घेतली आणि माळवद लिंपून घेतलं. वर चालताना मागून ओरडायची, "रेघंनं चाल, रेघंनं! हितं काय तुझी बुटकी हाय व्हय?" आष्ट्याचं नाव मात्र पुन्हा तिच्या तोंडातून निघालं नाही. ओढ्यावर मला सुतारणीपुढं हार मानावी लागली. ती बाई पुढं वीस वर्षं ते मला ऐकवत होती.

लढाई संपली, नवरा धडधाकट परत आला. रॉकेल आलं आणि तमाशा पुन्हा रात्रीचा झाला.

त्या दुपारी माळवदावर आम्ही तिघी होतो आणि खाली एक. सासू गेली, जाऊ गेली, सुतारीण गेल्या उन्हाळ्यात गेली. मी आहे.