लाइबचं नाव घ्यायचं नाही

नेदरलँड्समधल्या हार्लेमबाहेरची हायसिंथची शेतं फुलली की त्यांचा गोड, जडसर वास सायकल चालवताना घशात उतरल्यासारखा वाटतो. महामारीच्या दुसऱ्या वसंतात आकाशातली विमानं जवळजवळ थांबलेली होती, रस्ते ओस होते, आणि त्या निःशब्द निळ्या-गुलाबी पट्ट्यांमधून तासभर फिरून आले की मी पुन्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, शंभर वर्षांपूर्वीच्या शिकागोत. रॉटरडॅमच्या बंदरातून बोटीनं अमेरिकेला गेलेली ज्यू कुटुंबं शिकागोत कशी रुजली, हा माझ्या प्रबंधाचा विषय. शिकागोचं तिकीट दोनदा रद्द झालं होतं. तिथल्या अभिलेखागारातल्या एक सहृदय बाई सवडीनं जुने कागद स्कॅन करून पाठवायच्या, आणि त्या सवडीवर माझी पीएच.डी. तग धरून होती.

या कामातच रूथबाई भेटल्या, म्हणजे पडद्यावर. वय एक्क्याऐंशी, शिकागोच्या एका वृद्धाश्रमात, वर्षभर खोलीबाहेर पाऊल नाही. त्यांच्याकडे एक तपकिरी फोटो होता: आजीच्या मांडीवर तीन-चार वर्षांचा मुलगा, मागे नाव लिहिलेलं, लाइब. लहानपणी रूथबाईंनी विचारलं होतं, हा कोण? तेव्हा आजीनं फोटो हातातून काढून घेतला आणि एवढंच म्हणाली, लाइबचं नाव घ्यायचं नाही. वडलांना विचारलं तर तेही खांदे उडवायचे. इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेलेला हा आपला काका, असं रूथबाईंनी मनाशी ठरवलं आणि पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा त्याच्यासाठी दिवा लावला. त्यांचं मागणं साधं होतं. ज्यू लोक कबरीला भेट देतात तेव्हा तिच्यावर एक खडा ठेवतात. त्या पोराच्या कबरीवर कुणी कधी ठेवला नव्हता. मी जाण्याआधी तेवढं झालं पाहिजे, म्हणायच्या. वृद्धाश्रमातली माणसं त्या काळात पटापट जात होती, त्यामुळे घाई कसली ते सांगावं लागत नव्हतं.

मी जोमानं कामाला लागले. रुग्णालयाच्या यादीत लाइब सापडला: वय चार, साथीचाच महिना. घरी सोडल्याची नोंद नाही. तीन वर्षांनंतरच्या शाळेच्या पटावर त्याच पत्त्यावरचा खाइम होता, म्हणजे रूथबाईंचे वडील; लाइब मात्र नव्हता. दोघांची जन्मतारीख एकच दिसली तेव्हा मी वहीत ‘जुळे असावेत’ असं लिहून मोकळी झाले. स्वतःवर फार खूश होते मी त्या दिवशी! आणि रूथबाईंना कळवूनही टाकलं, की लाइब बहुधा रुग्णालयातच गेला, आता कबर शोधते. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. मला ठाऊकच होतं, तरी आज रडू आलं.

कबर मात्र सापडेना. दफनभूमींच्या याद्या उलट्यासुलट्या चाळल्या, नावाची सगळी रूपं लावून पाहिली. पोरगं जणू विरघळून गेलं होतं. रविवारी मिरजेला आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी वैतागून सगळी कहाणी ऐकवली, तर ती मटार सोलता सोलता ऐकत राहिली आणि मध्येच थांबली.

“अगं, नाव बदललं असेल त्याचं. आपल्या धोंडूमामाचं नव्हतं का बदललं?”

मामाच्या आधीची दोन भावंडं गेली होती. हा तिसरा, श्रीपाद, तापानं फणफणला तेव्हा आजीनं त्याचा धोंडू केला, नाक टोचलं, आणि घरात श्रीपाद हा शब्द उच्चारायला बंदी घातली. न्यायला येणाऱ्याला वाटावं, इथे एक दगड आहे, तो कशाला उचला.

मी कपाळावर हात मारून घेतला. गंभीर आजाऱ्याचं नाव बदलायची रीत ज्यू घरांतही होती, हे मी वाचलेलं होतं, त्यावर एक तळटीपही लिहिलेली होती, आणि तरी इतके दिवस नावालाच धरून माणूस शोधत बसले होते. पोराचं नाव बदलणारी तळटीपेतली आई खरीच कुणाची तरी आई असते, हे मला मिरजेहून ऐकावं लागलं.

त्याच दिवशी शिकागोला लिहिलं: त्या वस्तीतल्या लहानशा सिनेगॉगची, आजाऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनांची वही असेल तर बघाल का? ते तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला मी एक मरण कळवलं होतं आणि ते खोटं असण्याची शक्यता होती. रोज सकाळी आधी मेल उघडायची, मग चहा. अखेर पान आलं. पाणी लागून फिकटलेली, ज्यूंच्या यिडिश भाषेतली अक्षरं, पण ओळ स्वच्छ होती: लाइब, यापुढे खाइम. खाइम म्हणजे आयुष्य. माझा जीव भांड्यात पडला आणि मग ओल्या भांड्यासारखी मीच निथळत, हसत-रडत टेबलाशी बसून राहिले.

रूथबाईंना पडद्यावरच सांगितलं. परिचारिकेनं टॅब्लेट धरला होता. मी आधी माफी मागितली, मग ती ओळ सावकाश वाचून दाखवली आणि म्हटलं, काका नव्हताच. फोटोतला मुलगा तुमचे वडील आहेत. त्यांनी तो तपकिरी फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

“माझ्या लग्नात,” त्या शेवटी म्हणाल्या, “लाइब सगळ्यांपेक्षा जास्त नाचला.”

आणि हसायला लागल्या, डोळे पुसत, परिचारिकेचा हात धरून. आता एक दिवा कमी, म्हणाल्या. मेलेलं एक माणूस त्यांना परत मिळालं होतं, आणि मलाही वर्षभरात पहिल्यांदाच कुणाच्या तरी न मरण्याची बातमी देता आली होती.

संध्याकाळी आईला फोन केला. ती खूश झाली, सारखं बरं झालं बाई, बरं झालं म्हणत राहिली. मग तिनं विचारलं, “का गं, तो बरा झाल्यावर तरी त्याच्या आईनं त्याला लाइब म्हणून हाक मारली असेल का? एकदा तरी?”

आजीनं मामाला कधी श्रीपाद म्हटलं होतं का, असं मी उलट विचारलं.

“झोपला की म्हणायची,” ती म्हणाली. “अगदी हळू.”