मी रचलेला बाप

पात्रं कशी सुचतात, असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. मास्तरकी करता करता मी नाटकं लिहिली, चार गोष्टी छापून आल्या, म्हणून लोक विचारतात. माणसं बघावीत, त्यांच्या लकबी टिपाव्यात, वगैरे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेतो. खरं म्हणजे लोकांनी अजून लक्षात ठेवलंय असं एकच पात्र माझ्या हातून झालं, आणि ते मी कागदावर लिहिलंच नाही.

राज्याचं नाव म्हैसूर जाऊन कर्नाटक झालं, त्याच्या आसपासची गोष्ट. औरादला मराठी शाळेत मी नवा नवा लागलो होतो. घरात आई आणि मी. थोरली बहीण, आमची अक्का, निंबर्ग्याला दिलेली. बीदरला गाडी बदला, गुलबर्ग्याला बदला, आळंदला बदला, तेव्हा कुठं अक्काचं घर. भाऊजी हैदराबादला कामाला, सासू वारलेली, घरात राज्य सासऱ्याचं. खायला कमी नव्हतं. पण म्हातारा असा, की दोन्ही वेळचं ज्वारीचं पीठ स्वतः मोजून द्यायचा, मग डब्यातलं पीठ तळहातानं सारखं करून वर बोटानं खूण काढायचा. तीन रेघा आणि एक टिंब. खूण मोडलेली दिसली की सुनेची खैर नाही.

अक्काच्या अंगावर तेव्हा पिणारी पोरगी. दुपारी पोटात कावळे ओरडायचे. म्हातारा पारावर गेला की ती मूठभर पीठ काढायची, एक भाकरी थापून खायची, आणि पीठ सारखं करून तीच खूण तशीच काढून ठेवायची. माहेरी आली तेव्हा हे सगळं तिनं हवेत बोट फिरवून सांगितलं आणि पोट धरून हसली. आई हसली नाही. मी मात्र हरखलो. आयला, काय माणूस आहे! बहीण उपाशी राहते याचं वाईट मला मागाहून वाटलं, हे कशाला लपवू?

बुद्धपौर्णिमेला विहारासमोर नाटक करायची आमच्या वस्तीची रीत. लाईटचा भरवसा नसायचा म्हणून दिवसाउजेडीच, ऊन कलल्यावर. त्या वर्षीच्या माझ्या नाटकात सासरा होता, डबा होता, खूण होती. तालमीत सगळे हसून लोळायचे. आणि आदल्या दिवशी अक्काच्या सासऱ्याचं कार्ड आलं. सुनेला घेऊन येतोय, कार्यक्रम बघून जाऊ.

व्याही म्हणजे पहिल्या रांगेतली खुर्ची.  त्यानं ओळखलं तर मला दोन शिव्या देऊन मोकळा होईल, पण अक्काला त्याच्याच घरात नांदायचं होतं.

सगळी कामं टाकून मी सासरा बदलायला बसलो. व्याही काटकुळा, म्हणून नाटकातला ढेरपोट्या केला. मुंडासं काढून टोपी घातली. काठीची छत्री झाली, त्यानं पूर्वी केलेल्या गिरणीतल्या नोकरीची तहसीलातली कारकुनी झाली. खुणेची सुद्धा मी फुली केली. तो प्रसंगच काढून टाक, असं मन सांगत होतं. पण सगळा हशा तिथंच होता, आणि तो मला सोडवेना. चुलीत गेला तो हशा!

दुसऱ्या दिवशी अक्का आली. पाय धुता धुता तिनं हळूच विचारलं, "काय लिहिलास रे?"

"तहसीलातला एक कारकून हाय. तुमच्याकडचं काय न्हाई."

"बरं," म्हणाली, आणि लेकराला पाजायला बसली. लगेच विश्वास ठेवला तिनं.

नाटक सुरू झालं. मी कडेला पडद्याची दोरी धरून उभा, नजर व्याह्यावर. ढेरपोट्या सासऱ्यानं डबा सारखा केला, फुली मारली. लोक हसले. व्याहीही हसला, मांडीवर थाप मारून हसला. माझ्या जिवात जीव आला. मग सून आली. लुगडं नेसलेला आमचाच एक गडी. सुनेला बोलणं असं काही नव्हतंच. तिनं इकडं तिकडं बघितलं, मूठभर पीठ घेतलं, डबा सारखा केला आणि बोटानं तीच फुली परत काढली.

विहारासमोरची माणसं हसून फुटायची बाकी राहिली. व्याही हसायचा थांबला. मान वळवून त्यानं बायकांच्या बाजूला बघितलं. अक्का खाली मान घालून पोरीचं झबलं सारखं करत होती, पुन्हा पुन्हा तेच. 

म्हातारा घरी आला. जेवला, सुपारी खाल्ली. सकाळी गाडीला निघताना माझ्याजवळ आला. "मास्तर, सून तर हुबेहूब केलास." मग आईकडं वळला. "सुनेला राहू द्या चार दिवस."

चार दिवस म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

तो गेल्यावर अक्का रडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सासरा बदललास, मला कामून न्हाई बदललास?"

 काय सांगणार? तिला मी पात्र म्हणून मोजलंच नव्हतं. डबा उघडायला कुणीतरी बाई पाहिजे होती, तेवढीच ती माझ्या लेखी.

चार दिवसांचे चार महिने झाले. आई दोनदा निंबर्ग्याला जाऊन हातापाया पडून आली. हैदराबादहून भाऊजींचं पत्र आलं, अप्पा म्हणतील तसं. गल्लीतल्या बायका अक्काला रोज विचारायच्या, "कधी जायलीस ग?" तिनं दारात बसायचं सोडलं. तिसऱ्या खेपेला मी एकटा गेलो.

म्हाताऱ्यानं मला बाजेवर बसवलं, चहा पाजला, आणि सरळ विचारलं, "ती खूण तुला कुणी सांगितली?"

"मनानं रचलं, मामा."

"असलं कुणी मनानं रचत न्हाई."

त्याचं बरोबर होतं. त्याची नजर माझ्या तोंडावरून हलेना. आता एक शब्द चुकला असता तर अक्काचा संसार तिथंच संपला असता. मी तोंड उघडलं आणि बोलून गेलो, "आमच्याच घरचं हाय. माझा बाप तसा होता."

माझा बाप! सडकेच्या कामावर दगड फोडून आयुष्य काढलेला, दारात कुणी आलं तर स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून देणारा. वारून सहा वर्षं झाली होती. म्हाताऱ्याला पटेना. नुसतं सांगून भागणार नाही, हे मला कळलं. मी सांगत गेलो. दगडाखाली बापाचं बोट चेचलेलं होतं, त्यामुळं त्याची रेघ वाकडी यायची, आईच्या बोटानं तशी वाकडी येईना, म्हणून ती खराट्याच्या काडीनं काढायची. बोट चेचलेलं होतं हे खरं. बाकी सगळं त्या बाजेवर बसून रचलेलं.

"खराट्याच्या काडीनं?" म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. "बाई मोठी हुशार." मग म्हणाला, "म्हंजी आमच्या घरचं न्हाई ते?"

"तुमच्याकडं पिठावर खूण कोण काढतंय, मामा?"

तो गडबडला. "छे छे. आमच्याकडं कशाला?"

आठ दिवसांत भाऊजी येऊन अक्काला घेऊन गेले. त्यानंतर म्हाताऱ्यानं खूण काढायची सोडली, असं मागाहून कळलं. मी निंबर्ग्यात काय बोललो ते आईला सांगितलं नाही. 

दोन वर्षांनी अक्काला मुलगा झाला. नाव ठेवायला आम्ही निंबर्ग्याला गेलो. अंगण पाव्हण्यांनी भरलेलं. जेवणं झाल्यावर म्हातारा खुशीत आला आणि माझ्या बापाची गोष्ट सांगायला लागला. वाकडं बोट, खराट्याची काडी. वरून त्यानं स्वतःची भर घातली, की बाप डबा उशाला घेऊन झोपायचा, पाव्हणा दिसला की आतून कडी घालायचा. अंगण खदखदून हसत होतं. पाळण्याजवळ बसलेली आई हे पहिल्यांदाच ऐकत होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"खरं का न्हाई, इहीणबाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या अक्काकडं बघितलं. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"व्हय," आई म्हणाली. "लई चिंगूस माणूस होता."