दोन इंचांचं थोटूक

मॅडमच्या घरात साबणाची वडी कधी संपत नाही. जुनी झिजून कागदासारखी झाली की त्या ती नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवतात. नवरा म्हणतो, "आपण अजून लग्नातल्याच साबणाने अंघोळ करतोय." मॅडमना त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

तंत्रशाळेत त्या एकोणीस वर्षं वेल्डिंग शिकवत आहेत. तिथेही तेच. नवे रॉड हवे असतील, तर आधी जळून उरलेली थोटकं डब्यात भरून स्टोअरमध्ये न्यायची. स्टोअरकीपर ती टेबलावर ओततो आणि मोजपट्टी लावतो. एखादं इंचापेक्षा लांब निघालं की 'अपव्यय' नावाचा गुलाबी फॉर्म पुढे सरकवतो. असा एकही फॉर्म मॅडमच्या नावावर नव्हता, कारण वर्गातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून त्यांनी एकच धडा घोटून घेतला होता. रॉड हातातल्या होल्डरच्या जबड्यापर्यंत जाळायचा.

यंदा वर्गात नऊच जण उरले होते. पुढच्या वर्षी वेल्डिंग चालू ठेवायचं की नाही, यावर प्राचार्य 'विचार करत' होते. त्यांनी विचार करायला घेतलेली गोष्ट सहसा बंद होते. अशात टाक्या बनवणाऱ्या कारखान्याने तीन जागा काढल्या आणि चाचणीला आपला तपासनीस पाठवला. मॅडमनी वर्गातले तिघं निवडून पुढे केले. त्यात आक्का होती. वय छत्तीस, पदरात दोन मुली, आणि शिवणकामाचा कारखाना बंद पडल्यावर इथे आलेली. "कापड काय नि लोखंड काय, शिवण सरळ आली म्हणजे झालं," असं ती म्हणायची आणि तिची शिवण खरंच सरळ यायची.

तपासनिसाने तिघांचे जोड पाहिले, मान डोलावली. मग प्रत्येकाच्या जोडाच्या तीन-तीन पट्ट्या कापल्या आणि एकेक शेगड्याच्या लोखंडी पकडीत धरून वाकवली. पहिली वाकली. दुसरी वाकली. तिसरी तडकली. आक्काची तिसरी तडकली, तशीच इतर दोघांचीही, आणि तिन्ही अगदी एकाच जागी, सुरुवातीपासून वीतभर अंतरावर.

"इथे रॉड संपतो," तपासनीस म्हणाला. "शेवटचे दोन इंच तापून निकामी होतात. वरचा लेप आधीच करपलेला असतो, जोडात बुडबुडे राहतात. आमच्याकडे दोन इंच उरले की फेकतात. तुम्हाला हे जबड्यापर्यंत जाळायला शिकवलं कुणी?"

तिघांनीही खाली पाहिलं.

"मी," मॅडम म्हणाल्या.

तो जरा वरमला. "सोमवारी परत येतो. पण मग शेवटचं हं, मॅडम. रिकाम्या हाताने परत जायला मलाही आवडत नाही."

लेपाचं मॅडमना काय माहीत नव्हतं? पुस्तकात होतं, फळ्यावर त्यांनीच लिहिलं होतं. फळा वेगळा आणि डबा वेगळा, एवढंच. संताप नेमका कुणावर काढावा हे त्यांना कळेना, म्हणून त्या स्टोअरमध्ये गेल्या.

"चार पुडकी द्या."

"डबा?"

"डबा नाही. आता दोन इंच ठेवून फेकणार आहोत."

"मग गुलाबी फॉर्म."

"अहो, मुलं नापास होतायत!"

"ते तुमच्याकडे, मॅडम. माझ्याकडे फक्त लांबी."

त्याने फॉर्म पुढे केला. अपव्ययाचं कारण या रकान्यात मॅडमनी लिहिलं, 'शिकवण्यासाठी'. स्टोअरकीपरने ते दोनदा वाचलं. "असं कारण यादीत नाही," तो म्हणाला आणि चाराच्या जागी दोन पुडकी दिली.

सोमवारपर्यंत पाच दिवस होते. आक्का रॉड लावायची, शिवण पुढे सरकायची आणि दोन इंचांवर मॅडम ओरडायच्या, "टाक!" तरी हात पुढे जायचाच.

"टाक म्हटलं ना!"

"हात ऐकत नाही हो, मॅडम. एवढा चांगला रॉड!"

"चांगला नाही तो. मेलाय. टाक!"

दुपारी आक्काच्या खिशात सात थोटकं निघाली. मॅडमनी ती हिसकावली, कचऱ्याच्या पिंपात भिरकावली आणि आक्काची पाठ वळताच त्यांचीच नजर त्या पिंपात गेली.

घरी त्या रात्रीच्या भाजीवर चिडल्या, नळावर चिडल्या. नवरा म्हणाला, "अगं, एका थोटकासाठी किती हा त्रागा!"

"एकोणीस वर्षांची थोटकं आहेत ती," मॅडम म्हणाल्या. "किती जणांच्या हातात घालून पाठवली मी, देव जाणे."



सोमवारी तपासनीस आला. मॅडमना ओरडायची परवानगी नव्हती, म्हणून त्या भिंतीला पाठ लावून, पदराचं टोक मुठीत धरून उभ्या राहिल्या. आक्काचा रॉड दोन इंचांवर आला. ती थांबली. हात किंचित पुढे झुकला, मग तिने थोटूक झटकून टाकलं, खणकन आवाज आला. तिची एकही पट्टी तडकली नाही. उरलेल्या दोघांनी पहिले रॉड दोन इंचांवर टाकले, शेवटचे मात्र जबड्यापर्यंत नेले. दोघांच्याही पट्ट्या तडकल्या.

"एक घेतो," तपासनीस म्हणाला.

आक्का मॅडमचे हात धरून रडली. मागे ते दोघं आपापल्या तडकलेल्या पट्ट्या हातात घेऊन उभे होते. त्यांच्याकडे पाहायला मॅडमची मान वळेना.

प्राचार्यांनी फळ्यावर 'एका प्रशिक्षणार्थीची निवड' असं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि मॅडमना आत बोलावलं. टेबलावर गुलाबी फॉर्म होता. 'कारण' या रकान्याला लाल गोल.

"हे जरा बदलून द्या. ऑडिटला अडचण येते. 'नजरचुकीने' असं लिहा."

"नजरचुकीने एकोणीस वर्षं लहान थोटकं दिली मी," मॅडम म्हणाल्या. "ही मोठी मुद्दाम टाकली."

त्यांनी फॉर्म जसाच्या तसा परत सरकवला आणि आणखी एक कोरा मागितला. दोघांचे हात सुधारायचे बाकी होते, आणि दोन्ही पुडकी संपली होती.