तिसऱ्या मजल्यावरची यादी

पाय मोडला तेव्हा आम्हाला कुरुळीत राहायला येऊन अकराच दिवस झाले होते. त्याआधी सोळा वर्षं दापोडीत काढली. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, आणि आम्हा दोघांच्याही कंपन्या चाकणच्या बाजूला. रोजचे दोन-अडीच तास रस्त्यात कशाला घालवायचे, म्हणून इकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. घर बघायला आलो तेव्हा मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेलो होतो, त्यामुळे लिफ्टचा विषय निघालाच नाही.

बाराव्या दिवशी सकाळी कंपनीच्या वळणावर कंटेनरला वाट देताना माझी गाडी खडीवरून घसरली आणि उजवा पाय तिच्याखाली सापडला. मांडीत रॉड, गुडघ्याखाली प्लेट. दवाखान्यातून सोडलं तेव्हा कंपनीतल्या चौघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं, पाणी प्यायले, "काळजी घ्या राव" म्हणाले आणि उतरून गेले. त्यांच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. त्यानंतर आठ महिने मी फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरलो, तेही तसाच खुर्चीतून, आणि दारातून थेट रिक्षात.

बायको एका कंपनीत पॅकिंगला होती, अजून आहे. सकाळी सहाला निघायची, चारला परत यायची. जाताना माझा चहा थर्मासमध्ये, पोळ्या डब्यात, गोळ्या वाटीत. मधले दहा तास मी आणि खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची आणि हातभर रस्ता. त्या हातभर रस्त्यावरून कोण जातंय ते ओळखेपर्यंत माणूस पुढे गेलेला असायचा. टीव्हीचा पहिल्या महिन्यातच कंटाळा आला. फोनवर मुलगी विचारायची, "काय करताय पप्पा?" मी म्हणायचो, "काही नाही." मग ती फोन ठेवायची.

माझं सगळं आयुष्य स्टोअरमध्ये गेलेलं. कुठला नट कुठल्या कप्प्यात, किती उरला, केव्हा मागवायचा, हे प्रत्येक खोक्याला लावलेल्या कार्डावर लिहायचं, हेच माझं काम. एका शनिवारी बायको किराणा घेऊन आली आणि मोहरी विसरली. मी म्हणालो, "मला एक वही दे. यादी मी करतो."

दुसऱ्या दिवशीपासून वॉकर धरून मी स्वयंपाकघरात उभा राहायला लागलो. एकेक डबा उघडून बघायचा. तूरडाळ किती बोटं उरली, शेंगदाणे किती, तेलाच्या पिशव्या किती. दर डब्याला चिठ्ठी चिकटवली. आठवड्यात काय किती लागतं याचा अंदाज बसवला. पाय दुखायचा, पण दुपार सरायची.

आम्ही आलो तेव्हा मोठ्या रस्त्यावर एक नवीन मार्ट झालं होतं, ज्यात आपणच टोपली घेऊन फिरायचं. पहिले दोन-तीन शनिवार बायको तिथे जाऊन आली. मी तिला खोदून खोदून विचारलं. आत गेल्यावर उजव्या हाताला काय? धान्य. पुढे? तेलं. वळल्यावर? चहा-साखर. साबण कुठे? शेवटी, काउंटरजवळ. मी वहीत त्या मार्टचा नकाशा काढला. मग यादी त्याच क्रमाने लिहायला लागलो. रांग एक, तांदूळ, पोहे. रांग दोन, खालचा कप्पा, शेंगदाणे. म्हणजे हिला मागे-पुढे करायला नको. एका फेरीत काम व्हावं.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे मी वेळ लिहायला लागलो. ती यादी घेऊन निघाली की घड्याळात बघायचो, परत आली की बघायचो. चाळीस मिनिटं. पन्नास मिनिटं. "एवढा वेळ कसा काय लागला?" मी विचारायचो. "गर्दी होती," ती म्हणायची. एकदा मी म्हणालो, चहाचा पुडा दुसरा आणलास, आपला तर वळणावरच असतो. ती पिशवी रिकामी करता करता म्हणाली, "ते चहाचं कपाट हलवलंय आता. मागं नेलंय." मी लगेच नकाशा खोडून नवीन काढला.

एका शनिवारी पुन्हा मोहरी राहिली. मी म्हणालो, "रांग तीन. डोळ्यांसमोर असते. वाचता येत नाही का?" ती नुकतीच बसली होती. उठली. चप्पल घातली आणि तीन मजले परत उतरून गेली. पुष्कळ वेळाने मोहरी घेऊन आली. मी तोही वेळ लिहिला. आज हे सांगताना मान खाली जाते, पण त्या दिवशी मला वाटलं होतं की घरात एक तरी गोष्ट रीतसर चालली पाहिजे.

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी काठी घेऊन जिना उतरायची परवानगी दिली. मी बायकोला सांगितलं नाही. सकाळी ती गेल्यावर, अकराच्या सुमाराला, त्या आठवड्याची यादी खिशात घातली आणि निघालो. मनात होतं की मार्टमध्ये जायचं, नकाशाप्रमाणे फिरायचं आणि सामान कुणाकडून तरी वर पोचवून घ्यायचं. तिला घरी आल्यावर कळेल.

तीन मजले उतरायला वीस मिनिटं लागली. कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि पाय लटपटायला लागला. तिथे किराण्याचं एक जुनं दुकान होतं. दाराशी लाकडी स्टूल, वर पंखा. दुकानदार गावातलाच म्हातारा माणूस, डोक्यावर टोपी. "बसा, बसा," तो म्हणाला. मी बसलो. पाणी दिलं त्याने. एवढं करून रिकाम्या हाताने उठायचं बरं वाटेना. म्हटलं, दोन-चार जिनसा इथूनच घेऊ, आणि यादी काढून त्याच्यापुढे धरली.

त्याने ती हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "हे अक्षर तर वळखीचं हाय."

"कसं काय?"

तो मागे वळला. भिंतीला तारेचा आकडा होता, त्यात चिठ्ठ्या खोवलेल्या. त्यातल्या आठ-दहा त्याने काढून गल्ल्यावर मांडल्या. सगळ्या माझ्या. रांग एक, रांग दोन, खालचा कप्पा.

"ह्ये रांग म्हंजी काय, म्या एकदा ताईस्नी इचारलं," तो म्हणाला. "त्या नुस्त्या हसल्या. म्हनल्या, तुमी द्या काय हाय ते."

मी विचारलं, "किती दिवस येते ती इथं?"

"लई म्हैने झालं. शनवारी येत्यात, चिठ्ठी देत्यात, आन् तुमी बसलाय तिथं बसत्यात. एक आल्याची वडी घेत्यात, हितंच खात्यात. माल बांधून झाला तरी जरा बसू द्या म्हनत्यात. आमचं काय जातंय? तुमी त्यांचं मालक व्हय?"

मी हो म्हणालो. मार्टला गेलो नाही. तसाच परत फिरलो. चढायला किती वेळ लागला ते माहीत नाही, प्रत्येक मजल्यावर पायरीवर टेकत गेलो. आधी राग आला होता. इतके महिने आपण एका दुकानाची रांगन् रांग लिहीत बसलो, आणि ही त्या दुकानात जातच नव्हती. कपाट हलवलंय म्हणे. दुसऱ्या मजल्यावर बसलो असताना मात्र मला ते स्टूल आठवायला लागलं. ती दिवसभर पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी असायची. घरी आली की माझं अंग पुसणं, शौचाचं भांडं, गोळ्या, स्वयंपाक. आणि दारातच मी घड्याळ घेऊन बसलेलो. मला फक्त तिसऱ्या मजल्याने कोंडलं होतं. तिला त्या मजल्याने आणि वरून मीही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भाजी निवडत होती तेव्हा सांगितलं, "मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो."

तिचा हात थांबला. "जिना उतरलात? एकटे?"

"हो. मला सांगायचं होतंस ना, की मार्टला जात नाहीस."

"कसं सांगणार? तुम्ही दिवसभर त्या वहीवर बसलेले असायचात. तेवढंच होतं तुमच्याजवळ." मग जुडी पुन्हा हातात घेत म्हणाली, "तिथं मला कुणी काही विचारत नाही. अर्धा तास."

"मी विचारायचो म्हणून?"

"सगळेच विचारतात. सुपरवायझर विचारतो, मुलगी फोनवर विचारते, तुम्ही विचारता." तिच्या आवाजात राग नव्हता.

मी म्हणालो, "आता मला उतरता येतं. किराणा मी आणत जाईन. तू घरी आराम कर."

ती पटकन म्हणाली, "नको." आणि मग हळू आवाजात, "बाकीचं तुम्ही आणा. भाजी आणा, दूध आणा. शनिवारचं माझं राहू द्या."

मी राहू दिलं. यादी अजून मी करतो, पण आधी तिला विचारून, आणि रांगा लिहीत नाही. वहीतली नकाशांची पानं फाडून टाकली. वेळ लिहिणंही बंद केलं, तरी ती गेली की नजर घड्याळाकडे जायची ती जायचीच.

पुढे दोन महिन्यांनी कंपनीने कामावर घेतलं. स्टोअरमध्ये उभं राहणं जमणार नाही म्हणून गेटवर बसवलं, आतबाहेर जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायला. पत्र्याची केबिन, एक टेबल, एक काच. काचेतून गेट दिसतं आणि रस्त्याचा तुकडा. आठ तास तिथंच. पाय सुजतो, तो खाली ठेवलेल्या खोक्यावर ठेवतो. घरी आलो की ती विचारते, "कसा गेला दिवस?" मी सांगतो, "गेला." तीही मग पुढे विचारत नाही. चहा ठेवते, आणि आम्ही दोघं तो पितो.