काळ्या पडद्यांचं थेटर

नव्या पडद्याच्या कापडाचा वास आला की ती दुपार आठवते. हुमनाबादच्या घरात मधल्या खोलीला जाड काळे पडदे लावून मी थेटर केलं होतं. "भर दुपारी रात्र कामून करायलास?" म्हणत माझे वडील, अप्पा, हसले होते. ते शेजारच्या खोलीत खाटेवर असायचे, काही लागलं की तांब्या वाजवायचे. त्या दिवशी सिनेमा रंगात असताना तांब्या वाजला. मी आवाज वाढवला. सिनेमा संपल्यावर गेलो, तर अप्पा गार पडले होते. आमच्यात गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवतात. मोठी खोली तीच, म्हणून त्यांना त्या पडद्यांपुढंच बसवलं. "जाड पडदे, ऐकूच आलं न्हाई," मी त्यांच्यासमोर सांगितलं. "व्हय रे, तुझा काय दोष?" अक्का म्हणाली. खरं हे की तांब्या दोनदा वाजला होता, आणि दोन्ही वेळा मी ऐकला होता.