नऊ निळी फुलं आणि सहा सीताफळं

पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत चढलो तेव्हा माझ्याकडे सामानाचे दोन डाग होते. एक कपड्यांची पिशवी आणि दुसरं पंख्याचं उंच खोकं. खोक्यात पंखा नव्हता. आत आडव्या काठीला टांगलेली माझी व्हँडा होती.

व्हँडा ही आमरीची (ऑर्किडची) एक जात. तिला माती लागत नाही. ती लाकडी टोपलीत बसते, मुळं खाली हवेत लोंबत सोडते आणि दिवसातून दोनदा त्या मुळांवर पाण्याचा फवारा मागते. सहा वर्षं मी तो मारला. घरच्या लग्नाला उशिरा पोचलो, पण फवारा चुकवला नाही. गेल्या वर्षी तिला पहिल्यांदा तीन फुलं आली. या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका दांड्यावर नऊ आली, निळी, पाकळ्यांवर गडद रेषांची जाळी, आणि वर दोन घट्ट कळ्या. ही नऊ फुलं घेऊन मी हैदराबादच्या आमरी-प्रदर्शनाला निघालो होतो. पहिला नंबर मिळवायचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्याहून मोठं कारण शारदाताई. त्या नारायणगुड्याला राहतात, मराठी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. घराणं निजामाच्या काळापासून तिथलंच. सहा वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात ओळख झाली आणि त्यांनी आपल्या व्हँडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू कापून माझ्या हातात ठेवलं. "पहिलं फूल आलं की दाखवायला आणा," एवढीच अट. पुढच्या उन्हाळ्यात खुब्याच्या ऑपरेशनसाठी त्या दवाखान्यात होत्या. शेजाऱ्यांनी प्रेमापोटी त्यांची व्हँडा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली, आठ दिवस. मुळं कुजली, झाड गेलं. तेव्हापासून त्या निळ्या फुलाचं झाड जगात एकच उरलं, माझ्या गॅलरीत. गेल्या वर्षीची तीन फुलं मात्र मी त्यांना कळवलीच नाहीत. तीन फुलं काय दाखवायची, असं मला वाटलं. आता त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बायकोनं, वसुधानं, सहा सीताफळं आणून ठेवली. माझी भाची केतकी कुकटपल्लीला राहते, तिच्यासाठी.

"हैदराबादला सीताफळं? तिथं रस्त्यारस्त्यावर ढीग असतात," मी म्हणालो.

"असू देत. भाचीकडे हात हलवत जाणार आहात का?"

इथं मला एक कबुली द्यायची आहे. पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो आणि त्यानं आमरीची फुलं माना टाकतात. हे आमच्या पुण्याच्या मंडळात नव्या सभासदांना सांगणारा माणूस मीच. "फळ आणि फूल एका खोलीत नको" हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, घरात फ्रिजवर लावलेलं आहे. वसुधा गेली कित्येक वर्षं माझ्यामुळे केळी जिन्यात ठेवते.

पण सकाळी खोकं उचललं तर ते डुगडुगायला लागलं. वजन सगळं वर, खाली नुसती मुळं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. तोल कसा साधायचा हे मला कुणी शिकवायला नको. समोर सहा सीताफळं दिसली, टणक, हिरवीगार, दगडासारखी. ती कागदात गुंडाळून खोक्याच्या तळाला चारी बाजूंनी बसवली आणि खोकं असं ताठ उभं राहिलं की मीच खूश झालो. माझ्या लेखी ती फळं उरलीच नव्हती, ती वजनं झाली होती.

गाडीत शेजारी सोलापूरला उतरणारे एक कापडाचे व्यापारी होते. मला खोकं दोन गुडघ्यांत धरून बसलेलं पाहून त्यांनी दौंडपर्यंत कळ काढली.

"देव आहे का आत?"

"फुलं आहेत."

"मग इतकं काय घट्ट धरलंय? मला वाटलं मूर्ती."

त्यांनी मला शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी खायला दिली. सोलापूर गेलं, वाडी गेलं. तूर पिवळ्या फुलावर आली होती आणि अधूनमधून कापसाची शेतं पांढरी होत होती. तांडूरच्या आसपास रुळांच्या दोन्ही बाजूंना फरशीच्या खाणी लागल्या, कापलेल्या लाद्यांच्या चवडीच्या चवडी. विकाराबादला जरा झाडी आणि चढ. मग हैदराबादचे ते मोठमोठे गोल खडक दिसायला लागले, एकावर एक ठेवलेले, आणि त्यांच्या मागे काचेच्या इमारती. दरवेळी मला वाटतं की हे खडक आता घरंगळतील. ते माझ्या आधीपासून तिथं आहेत आणि नंतरही राहणार आहेत.

लिंगमपल्लीला उतरलो. डब्यातल्या एसीनंतर बाहेर बरंच गरम होतं. केतकी गाडी घेऊन आली होती. ती इथं सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. दहा वर्षं झाली, आता तेलुगूतही भांडते.

"मामा, दाखव ना फ्लॉवर्स! एकच फोटो, प्लीज."

"उद्या थेट टेबलावर. प्रवासात अंधाराला सरावलेलं फूल मधेच उजेडात काढायचं नसतं."

हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की तिनं मान डोलावली. असं काही शास्त्र नाही. तुझ्या फ्लॅटमधल्या एसीला मी घाबरतो असं म्हणण्यापेक्षा ते बरं वाटलं.

रात्रीच्या जेवणात तिनं अंबाडीची भाजी केली होती. तिथं तिला गोंगुरा म्हणतात आणि आपल्यापेक्षा दुप्पट तिखट करतात. जेवता जेवता ती म्हणाली, "मामीचा मेसेज होता, सीताफळं पाठवलीत म्हणून."

"आहेत. उद्या काढतो. कच्ची आहेत अजून."

माझ्याच तोंडचं हे वाक्य माझ्याच कानांनी ऐकलं आणि डोक्यात काहीही पेटलं नाही. खोकं चिकटपट्टीनं बंद करून कोपऱ्यात ठेवलं होतं. मी शांत झोपलो.

प्रदर्शन जामबागेतल्या एका जुन्या शाळेच्या सभागृहात होतं. केतकीनं सकाळी सोडलं आणि ती ऑफिसला गेली. दहाच्या आत झाडं मांडायची होती. माझ्या नावाचं कार्ड टेबलावर आधीच लावलेलं होतं. डावीकडे कुणाच्या तरी पांढऱ्या फुलांच्या माळा, उजवीकडे बशीएवढं जांभळं फूल, वासाचं. मी मनातल्या मनात दोघांनाही मागे टाकलं आणि चिकटपट्टी कापली.

आधी वास आला. गोड, दाट, सीताफळाचा. आत पाहायच्या आधीच मला सगळं कळलं.

सीताफळ पिकलं की खवल्यांमधल्या भेगा उघडतात, त्याला आपण डोळे उघडले म्हणतो. सहाच्या सहा फळांनी डोळे उघडले होते, एक तर फुटलंच होतं. वरती नऊ फुलांपैकी पाच बटाट्याच्या सालीसारखी पातळ होऊन लोंबत होती. दोन कडांनी पांढुरकी पडलेली. दोन बरी म्हणावीत अशी. टोकाच्या कळ्या तेवढ्या घट्ट होत्या. मी खुर्चीवर बसलो. सहा वर्षांचं झाड मी माझ्या हातानं एका रात्रीत उतरवलं होतं, आणि तेही तोल साधण्याच्या हौसेपायी. 

शारदाताईंना फोन लावला. येऊ नका, माझी तब्येत बरी नाही, असं सांगणार होतो. रिंग वाजत राहिली. त्यांना दुपारी चारला यायला मीच सांगितलं होतं.

बाराला परीक्षक बाई आल्या. माझ्या टेबलाशी थांबल्या, वाकल्या, एक फूल बोटावर घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाजू में पक्के फलाँ रखे थे क्या, साब?"

"हो," मी म्हणालो, आणि मग हैदराबादी पद्धतीनं, "हौ."

"मालूम नहीं था आपकू?"

"मालूम था."

त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, फक्त "च्च" केलं आणि पुढे गेल्या. पहिला नंबर बशीएवढ्या जांभळ्या फुलाला मिळाला. बरोबरच होता.

शारदाताई पावणेचारलाच आल्या. हातात काठी, अंगावर इरकल साडी, मागून रिक्षावाला त्यांची उशी घेऊन. मी उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, बादलीची गोष्ट मनात ठेवून. त्यांच्या झाडाला पाण्यानं मारलं, माझ्याला मी.

"गेल्या वर्षी तीन फुलं आली होती," मी म्हणालो. "चांगली होती. मी सांगितलं नाही. जास्त आली की दाखवीन म्हटलं."

त्या उशी खुर्चीवर ठेवून बसल्या, चष्मा बदलला. "फुलं ऱ्हाऊ द्या. मुळं दाखवा आधी," म्हणाल्या.

मी टोपली खाली घेतली. त्यांनी एकेक मूळ दोन बोटांत धरून टोकापर्यंत नेलं. टोकं हिरवी होती, पेराएवढी लांब.

"कायकू एवढे परेशान व्हायलात, भाऊ? झाड खुश आहे. फुलं काय, पुढच्या कार्तिकात परत येतील." मग त्यांची बोटं बुंध्याशी थांबली. खालच्या दोन पानांच्या बेचक्यात त्यांनी नख लावलं. "हे पाह्यलं का?"

मी वाकलो. मुगाच्या दाण्याएवढा हिरवा फुगवटा होता. पिल्लू. रोज सकाळ-संध्याकाळ त्या झाडासमोर उभा राहणारा मी, मला ते दिसलं नव्हतं. मी वर फुलं मोजत होतो.

"हिला आता खोक्यात घालू नका," शारदाताई म्हणाल्या. "दोन कळ्या हायेत, त्याही जातील. आणि पहिलटकरीण हाय. पहिलं बाळंतपण माहेरी करतेत की नाही तुमच्या पुण्यात?"

"करतात."

"मग झालं."

मला वाईट वाटलं का? वाटलं. ते झाड सोडून रिकाम्या हातानं परत जाणं मला कुणी सकाळी सुचवलं असतं तर मी भांडलो असतो. पण त्या बोलत असताना टोपली त्यांच्या मांडीवर होती आणि ती मला तिथून उचलवेना.

संध्याकाळी आम्ही रिक्षानं नारायणगुड्याला गेलो. झाड मांडीवर, उघडं, वाऱ्याला पाठ करून. त्यांच्या गॅलरीत जुनी कडी तशीच होती, पाच वर्षं रिकामी. मी स्टुलावर चढून टोपली अडकवली. त्यांनी खालून दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे करायला लावली. मग ज्वारीची भाकरी आणि खट्टी दाळ (चिंच घातलेलं पातळ वरण) वाढली, आणि शेवटी बशीत सीताफळं. पाच चांगली निघाली. दोन केतकीसाठी बांधून दिली आणि एक स्वतः निवांत बिया काढत संपवलं.

"फळं मात्र एक नंबर," त्या म्हणाल्या. मी मान्य केलं.

"पिल्लू कापण्याजोगं व्हायला दोन-तीन वर्षं लागतील," निघताना मी म्हणालो.

"मग मला ऱ्हावंच लागतंय तोवर," त्या म्हणाल्या आणि फवाऱ्याची बाटली भरायला आत गेल्या.

परतीच्या गाडीत खोकं घडी करून वर टाकलं होतं. हात मोकळे होते, खिडकीतून सगळं नीट दिसलं, तरी तांडूर कधी गेलं कळलं नाही. इतकी वर्षं मी झाड वाढवतोय असं समजत होतो. खरं तर मी ते दाखवण्यासाठी राखत होतो आणि ज्यांना दाखवायचं त्यांनाच थांबवून ठेवलं होतं. हे समजायला मला सहा सीताफळं लागली.

घरी पोचलो तर वसुधानं आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झाड कुठंय?"

"माहेरी ठेवलं. दिवस गेलेत तिला."

मी सगळं सांगितलं, वजनांचंही. ती हसली नाही, हे तिचे उपकार. फक्त फ्रिजवरची माझी सूचना काढून तिनं माझ्या हातात दिली आणि जिन्यातली केळी आत आणून ठेवली.

चौथ्या दिवशी शारदाताईंनी फोटो पाठवला. निम्म्या फोटोत त्यांचा अंगठा होता, बाकी गॅलरीचे गज. वरच्या कोपऱ्यात एक निळी पाकळी, जाळीच्या रेषा असलेली. खाली लिहिलं होतं, "एक उघडली. तीन असती तरी मी आले असते."

मी तो वसुधाला दाखवला. तिनं तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"बारशाला मीपण येणार," ती म्हणाली. "आणि फळं मी धरणार."